राहिलेली पाळी

नोंदवही दादांनी स्वतःच्या हाताने दिली होती, हे आधी सांगायला हवं. बंदरावरचा जुना दीपस्तंभ पाडायचा घाट रद्द झाला आणि तिथे संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा समितीचा चिटणीस झालेला धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, वही दे. तुझं नाव राहील." तीस वर्षं दिवा सांभाळलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? दादा विरघळले.

उद्घाटनाला ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. वही काचेच्या पेटीत होती, आणि उघडलं होतं नेमकं तेच पान.

दिव्याचं भिंग तेव्हा वजनाच्या जोरावर फिरायचं. दर दोन तासांनी हँडल मारून वजन वर चढवायचं आणि वहीत सही करायची. एका धुक्याच्या संध्याकाळी पाळी होती धाकट्याची. नोकरीला जेमतेम तीन महिने झालेले, तरी हे धाकटे साहेब खाली पत्ते कुटत बसले. भिंग थांबलं, उघडझाप करणारा दिवा एका जागी खिळला, खलाशांनी तो दुसराच कुठला तरी समजला आणि कोळशाचं जहाज खडकावर चढलं. माणसं वाचली हे नशीब! धाकटा पाय धरून रडला, तेव्हा दादांनी 'पाळी चुकली' असं लिहून खाली स्वतःची सही ठोकली. बढती गेली ती कायमचीच. पण त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

आता पेटीवर पाटी होती : 'दिवेवाल्याची डुलकी आणि जहाजाचा बळी'. लोक वाचून हसत होते.

दादांनी भावाला बाजूला घेतलं. "हेच पान सापडलं तुला?"

"लोकांना थरार लागतो रे," तो हळूच म्हणाला. "आणि तू कुठे काही बोलणार आहेस?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दादांना गेलेल्या बढतीचं कधी वाईट वाटलं नव्हतं, आज वाटलं.

इतक्यात अध्यक्षबाईंनी पुकारलं, "आता आपले जुने दिवेवाले पहिलं हँडल मारतील!"

टाळ्यांच्या कडकडाटात दादांनी हँडल उचललं आणि धाकट्यापुढे धरलं.

"तू मार," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "त्या संध्याकाळची तुझी पाळी अजून राहिलीये."

टाळ्या थांबल्या. चिटणीसांचे हात काही पुढे आले नाहीत.