झाकणाखालचा निळा उजेड

तो निळा उजेड मला उघड्या डोळ्यांनी दिसला. मी झटकन मागे सरले.

आमचं काम केसाएवढ्या काचेच्या तंतूत लेझरनं बारीक रेघा कोरायचं. असे तंतू पुलात, भिंतीत बसवतात; पूल वाकला, भिंत ताणली गेली, तर त्या रेघांवरून कळतं. हा लेझर मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो पडतो तिथं तंतू तेवढा निळसर उजळतो, आणि तेही आम्ही कॅमेऱ्यातूनच बघतो. यंत्राचं झाकण उचललं की खालचं बटण सुटतं आणि लेझर आपोआप बंद पडतो. त्या भरवशावर मी किरण अडवणारा चष्मा कपाळावर चढवून आत वाकले होते.

बटण सुटलंच नव्हतं. माझ्या धाकट्या दिरानं त्यावर चिकटपट्टी लावली होती. साहेबांकडे शब्द टाकून मीच त्याला इथं आणलेलं. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

"तंतू सरळ बसवताना सारखा बंद पडतो गं वहिनी," तो म्हणाला. "पट्टी काढायची राहिली."

"डोळे जातील माझे! अक्कल काय गहाण टाकलीस?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्याची दया आली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. "आत्ता काही कळणार नाही. किरण लागला असेल तर काही तासांनी डोळ्यांत आग होईल. जितका जास्त वेळ लागला, तितकं वाईट."

घरी येऊन मी कॉटवर बसून राहिले. एकेक डोळा झाकून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची, एवढाच उद्योग. पापणी फडफडली तरी वाटायचं, झालं सुरू. नवरा म्हणाला, "पड जरा." पडले आणि उठल्यावर दिसलंच नाही तर? भीतीनं मला डोळे मिटवेनात.

दिवेलागण झाली तरी डोळे शाबूत होते. तेवढ्यात दीर कामावरून आला, तो दारातूनच ओरडत.

"वहिनी, तुला काही होत नाही! मी खात्री करून आलोय."

"कसली खात्री?"

"पट्टी तशीच ठेवून लेझर चालू केला आणि तू वाकली होतीस तसाच वाकलो. तिथपर्यंत चमक येते का ते पाहिलं."

"चष्मा?"

"चष्मा लावून काय कळणार? पण तंतूवरचा तो निळा उजेड सोडला तर काहीच दिसलं नाही गं, म्हणून बराच वेळ बघत राहिलो."

तो हसत होता. त्याचे डोळे अजून अगदी स्वच्छ होते.