नवरी गाडी

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत आणि खुलासा माझ्याकडे मागताय.

तुमची नोटीस मिळाली. 'मालावर अनधिकृत व खोटा मजकूर लिहिणाऱ्यांची नावे सात दिवसांत कळवावीत.' कळवतो. आधी ऐका.

माझी ताई परिचारिका आहे. डोंगरापलीकडच्या अकरा वस्त्या एकटीच्या अंगावर, आणि बाळंतिणीकडे जायचं ते पायी. मागच्या वर्षी एकीच्या घरी ती पोहोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. ना आई वाचली, ना बाळ. म्हणून तिच्यासाठी मोटरसायकल घेतली. तिकडे गाडीचं दुकान नाही, दुरुस्तीवालाही नाही. तेराशे किलोमीटर चालवत न्यायला मला रजा नाही. म्हणून स्टेशनवर तुमच्या रेल्वे पार्सलच्या खिडकीशी आलो आणि 'नाजूक' अशी चिठ्ठी लावा म्हणालो. मोडून पोहोचली तर तिथे ती मोडकीच राहणार होती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "लोखंडाला कसला आलाय नाजूकपणा?" आणि पावतीवर लिहिलंत, 'लोखंडी सामान'.

बाहेर एक म्हातारा हमाल होता. माझं उतरलेलं तोंड बघून त्यानं गाडी बाजूला घेतली. टाकीतलं पेट्रोल काढलं, दिव्याला स्वतःचा मफलर गुंडाळला, दाभणानं गोणपाट शिवलं. मग काळ्या रंगात ब्रश बुडवून 'नवी गाडी, जपून' लिहायला बसला. शाळा त्याची दुसरीतच सुटलेली. हात रंगात आला आणि एक अक्षर जास्तीचं पडलं. 'नवरी गाडी, जपून.'

मला हसू आलं. तो ओशाळला, ब्रश पुसत राहिला, मग म्हणाला, "राहू दे असंच. नव्या गाड्या रोज आपटतात. नवरीला कोण आपटतंय?"

वाटेत चार ठिकाणी माल उतरून पुन्हा चढायचा होता. मी सहा दिवस जेवताना फोन ताटाशेजारी ठेवला. सहाव्या दिवशी ताईचा फोन आला. तिकडच्या हमालानं म्हणे तिला बघताच विचारलं, सासरची माणसं तुम्हीच का? गाडीवर ओरखडा नव्हता. ताई मला गोणपाट वाचून दाखवू लागली. म्हाताऱ्याच्या अक्षराखाली खडूनं चार वेगवेगळी अक्षरं होती. 'उभी नेली, आडवी केली नाही.' 'पाऊस लागला, ताडपत्री दिली.' 'नवरी वजनाला भारी, पण लाडाची.' चौथं तिनं दोनदा वाचलं. 'माहेरच्यांनी काळजी करू नये.'

ते सगळं तुमच्या तिथल्या तपासनिसानं टिपून घेतलं, त्यावरूनच ही नोटीस.

गाडी मिळाल्यावर तिसऱ्याच दिवशी ताई तिच्यावरून एका वस्तीवर वेळेत पोहोचली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

तर नावं. खडूवाल्या चौघांची मला ठाऊक नाहीत. असती, तर तुम्हाला कळवण्याआधी त्यांच्या पाया पडून आलो असतो. म्हाताऱ्याचं ठाऊक आहे. ते सांगणार नाही, काय करायचं ते करा.

आता माझा प्रश्न. तेराशे किलोमीटरांत तुमची पावती कुणीही वाचली नाही. सगळ्यांनी म्हाताऱ्याची चूक वाचली, आणि ती खरी मानून माझ्या ताईची गाडी फुलासारखी पोहोचवली. मग खोटा मजकूर कुठला, साहेब? गोणपाटावरचा की पावतीवरचा?

सात दिवसांत लेखी कळवा.