दुधाळ न झालेली निवळी

मी एक जुनी परीक्षानळी आहे. 'जुनी' म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. आम्हा काचेच्या मंडळींचं वय वर्षांवर मोजत नाहीत, किती हातांतून निसटूनही वाचलो यावर मोजतात, आणि त्या हिशेबाने मी या शाळेच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात पोचलेली बाई आहे. चंचुपात्र माझ्याहून रुंद असेल, ब्युरेट माझ्याहून उंच असेल. पण आगीत जायची वेळ आली की दोघांचीही बोलती बंद होते आणि मग सगळ्यांना माझी आठवण येते.

मित्रांनो, माझा जन्मही आगीतलाच. कारखान्यात एका कारागिराने मला ज्योतीवर फिरवत फिरवत माझं बूड गोल केलं, तोंडाला नाजूक कड वळवली, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाला, "जाड काचेची आहे. टिकेल ही." जन्मल्या जन्मल्या कौतुक झालं की कुणीही शेफारतो. मीही शेफारले. भावंडांबरोबर खोक्यात बसून या शाळेत आले, तेव्हा मला वाटत होतं की आता आपल्याशिवाय इथलं पान हलणार नाही.

सुरुवातीला तसंच होतं म्हणा. माझ्यात मोरचूद तापवला, तो निळ्याचा पांढरा झाला. गंधक वितळवला, त्या दिवशी पहिल्या बाकावरच्यांनी नाकं धरली आणि शेवटच्या बाकावरच्यांनी एकमेकांवर संशय घेतला. पण माझा सगळ्यात लाडका प्रयोग खाण्याच्या सोड्याचा. मला स्टँडच्या चिमट्यात जवळजवळ आडवं धरायचं, पोटात दोन चमचे सोडा घालायचा, तोंडाला रबरी बूच लावायचं. बुचातून निघालेल्या वाकड्या नळीचं टोक समोरच्या पेल्यातल्या चुन्याच्या निवळीत बुडवायचं आणि माझ्याखाली स्पिरिटचा दिवा ठेवायचा. सोडा तापला की त्यातून वायू निघतो, निवळीत बुडबुड बुडबुड करतो आणि पाण्यासारखी स्वच्छ निवळी बघता बघता दुधासारखी होते. पोरं आ वासून बघायची. त्या निवळीइतकं दूध माझ्या वाट्याला कधी आलं नाही, पण कौतुक सगळं मीच पिऊन घ्यायचे.

आता आमच्या काकांबद्दल सांगायला हवं. प्रयोगशाळेची व्यवस्था बघणारे ते काका म्हणजे काटकसरीचा पुतळा. अर्धी जळलेली काडी ते पेटीत परत ठेवायचे. गाळणकागद धुऊन दोरीवर वाळत घालायचे. "थेंबे थेंबे तळे साचे" हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. तर हे काका प्रयोग संपला की माझ्या पोटातली पांढरी पूड काळजीपूर्वक खरवडून काढायचे आणि सोड्याच्या बरणीत परत ओतायचे. पांढरी पूड गेली, पांढरी पूड आली. वाया कशाला घालवायची?

मित्रांनो, इथेच घोडं पेंड खात होतं. तापवलेला खाण्याचा सोडा खाण्याचा राहत नाही, त्याचा धुण्याचा सोडा होतो. दिसायला जुळा भाऊ, पण त्याच्या अंगात तो वायू उरलेलाच नसतो. अशा दिव्यावर कितीही तापवा, ढिम्म बसून राहतो. वर्षानुवर्षं बरणीत हे जुळे भाऊ भरत गेले आणि निवळी वर्षानुवर्षं कमी कमी दुधाळ होत गेली. मला सगळं कळत होतं. माझ्या पोटात काय जातंय ते मला नाही कळणार तर कुणाला? पण देवाने मला तोंड दिलं आणि जीभ द्यायला विसरला.

तेव्हाच्या सरांना याचं काही वाटायचं नाही. ते पेला खिडकीशी धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "थोडी दुधाळ दिसते. दिसते ना? लिहा." पुढे पुढे ती थोडीही दिसेना. मग सरांनी पेला धरणंच बंद केलं. थेट "लिहा" म्हणायचे, आणि सगळा वर्ग मान खाली घालून लिहायचा की निवळी दुधाळ झाली. शेवटी सरांनी दिवा पेटवणंही सोडून दिलं. फळ्यावर माझी आकृती काढायचे, तीही वाकडी. मी कपाटात धूळ खात पडले. एका कोळ्याने माझ्यात संसार थाटला. त्याला निदान माझी किंमत होती.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, कोळ्याला खिडकीतून सन्मानाने निरोप दिला आणि लांब ब्रशने मला आतून असं घासलं की मला नव्या नवरीसारखं वाटायला लागलं. "केवढी छान नळी आहे ही! आणि पडून होती?" असं त्या म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून मी त्यांची झाले.

मॅडम मात्र शाळेच्या अजून झालेल्या नव्हत्या. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. तपासणीचे साहेब येणार, मॅडमचा एक तास बघणार, आणि ते हो म्हणाले तर मॅडम कायम, नाही म्हणाले तर सुट्टीनंतर दुसरी शाळा शोधायची. मधल्या सुट्टीत त्या काकांना एकदा म्हणाल्या होत्या, "काका, ही माझी तिसरी शाळा. दर वर्षी नवी मुलं, दर वर्षी निरोप समारंभ. आता मला कुठेतरी राहायचंय हो." काकांनी मॅडमच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय तेवढा घट्ट करून दिला.

साहेब आले. बरोबर मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, आणि ते साहेबांपुढे इतके वाकले होते की मला त्यांच्या कमरेची काळजी वाटली. मॅडमनी वाळू आणि मीठ वेगळं करण्याची तयारी केली होती. साहेबांनी ते पाहिलं आणि जांभई दिली.

"मॅडम, हे सगळीकडे दाखवतात. सोडा तापवून दाखवा की."

"दाखवते, साहेब," मॅडम म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! बरणीवर 'खाण्याचा सोडा' असं काकांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. माझ्या पोटात पूड पडली आणि मला घाम फुटायचा बाकी राहिला.

दिवा पेटला. सुरुवातीला चार बुडबुडे आले, ते माझ्यातली हवा तापल्यामुळे. मुलं "आलं, आलं!" म्हणून ओरडली. मग सगळं थंड. म्हणजे मी चांगली तापलेली, पण निवळी थंड. स्वच्छ, नितळ, आरपार दिसणारी. मी जीव खाऊन तापत होते, मित्रांनो, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मोठे सर घाईघाईने पुढे झाले. "झाली बरं का साहेब, दुधाळ झाली! मुलांनो, दिसते ना दुधाळ?"

"हो सर!" वर्गाने एका सुरात सांगितलं. सवयच होती.

एकच मुलगी गप्प होती. तिला सगळे शंकाबाई म्हणायचे, कारण तिचा हात सदानकदा वर. तो आत्ताही वर गेला. "मॅडम, मला तर पलीकडची खिडकी दिसतेय त्यातून. मी काय लिहू?"

मोठ्या सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर बाकाखाली गेलं असतं. साहेब मॅडमकडे बघत होते. मॅडमचा चेहरा उतरला होता. एका "हो" मध्ये काम भागणार होतं. मला वाटलं, म्हणा हो, मॅडम, म्हणून टाका. मला तुम्हाला सोडायचं नाहीये.

"खिडकी दिसते असं लिही," मॅडम म्हणाल्या. "निवळी दुधाळ झालेली नाही. आता का नाही झाली ते शोधू."

मग वर्गात जो कल्ला सुरू झाला तो काय सांगू! कुणी म्हणालं दिवा मंद आहे, कुणी म्हणालं बूच सैल आहे, कुणी म्हणालं नळीच म्हातारी झालीय. म्हातारी! त्या मुलाचा चेहरा मी लक्षात ठेवलाय. मॅडमनी बूच तपासलं, निवळी बदलली, शंकाबाईने त्या निवळीत स्ट्रॉने फुंकलं तर तिच्या श्वासातल्या त्याच वायूने ती झटक्यात दुधाळ झाली. म्हणजे निवळी चांगली होती. उरला सोडा.

"काका," मॅडमनी विचारलं, "ही बरणी कधी भरली होती?"

काकांची छाती फुगली. आपलं कौतुक व्हायची वेळ आली, तेही साहेबांसमोर, असं त्यांना वाटलं. "मॅडम, मी या शाळेत आलो तेव्हा भरली होती. त्यानंतर चिमूटभरही नवीन आणला नाही. प्रयोग झाला की नळीतला काढायचा आणि परत बरणीत. इतकी वर्षं तोच सोडा वापरतोय, साहेब, एक कण वाया घालवला नाही!"

शंकाबाई किंचाळली, "म्हणजे हा आधीच तापवलेलाय!" आणि अख्खा वर्ग हसत सुटला. साहेबही खो खो हसायला लागले. काका मात्र कुणाच्या तोंडाकडे बघावं हे न कळून उभे होते. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे आज मुलांना कळलं की तापवल्यावर सोड्याचं दुसरंच काहीतरी होतं. पुस्तकातून इतकं पक्कं कळलं नसतं." काकांची मान जरा वर आली.

पण ताजा सोडा आणायचा कुठून? दुकान लांब, तास संपत आलेला. मॅडम हताश होऊन घड्याळाकडे बघत होत्या, आणि साहेब का कोण जाणे, खिशाला हात लावून घुटमळत होते. शेवटी लाजत लाजत त्यांनी एक छोटी डबी बाहेर काढली.

"मला पित्ताचा फार त्रास आहे हो. जेवणानंतर चिमूटभर घेतो. खाण्याचाच सोडा आहे, कालच भरलाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! मला निवू दिलं, धुतलं, पुसून कोरडं केलं आणि साहेबांची डबी माझ्या पोटात रिकामी झाली. दिवा पेटला. आणि मित्रांनो, काय सांगू! किती वर्षांनी माझ्या पोटात खरी खळबळ झाली. तोंडाशी पाण्याचे थेंब जमले, नळीतून वायू धावला, निवळीत बुडबुड्यांची रांग लागली आणि पेला पांढराशुभ्र झाला. मुलं बाकांवर चढली. काकांनी तर टाळ्या वाजवल्या.

साहेबांना राहवलं नाही. सोडा आपला, मग प्रयोगही आपलाच, असं त्यांना वाटलं असावं. "बास, झालं! दिवा मी विझवतो," म्हणत ते पुढे झाले आणि त्यांनी दिव्यावर टोपण ठेवलंसुद्धा.

"अहो, हात काढा तो!" मॅडम अशा कडाडल्या की फळ्यावरचा खडू पडला. "आधी नळी काढायची निवळीतून! मागे व्हा!" त्यांनी साहेबांना बाहीला धरून मागे ओढलं.

पण उशीर झाला होता. आच गेली की माझ्यातला वायू आकसतो आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. थंड निवळी वाकड्या नळीतून सरसर चढली आणि माझ्या कडकडीत तापलेल्या पोटात आली. तडाक! माझं बूड टेबलावर पसरलं. साहेब जिथे वाकले होते, तिथेच काचा पडल्या.

"लागलं का कुणाला? दाखवा हात," असं मॅडमनी विचारलं, आणि मग आपण कुणाला ओरडलो हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मोठे सर मदतीला धावले. "साहेब, ती नळी फार जुनी होती हो. आपोआपच तडकली. मुलांनो, लिहा, नळी जुनी असल्यामुळे फुटली."

तुकडे झालेले असूनही मला संताप आला. वर्गातल्या माना खाली जायला लागल्या. पण साहेबांनी हात वर केला. ते मॅडमकडे वळले आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगा. काय लिहायचं?"

मॅडमनी ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. शब्द मात्र एकही अडखळला नाही. "साहेबांनी नळी काढायच्या आधी दिवा विझवला, म्हणून फुटली."

मोठ्या सरांनी डोळे मिटले. साहेबांनी आपला हात उलटसुलट करून पाहिला. कुठे ओरखडाही नव्हता.

"लिहा रे मुलांनो," ते म्हणाले. "मॅडम सांगतायत तसंच लिहा." मग ते मोठ्या सरांकडे वळले. "आणि सर, तुम्ही पण लिहून घ्या. या बाई कुठेही जाणार नाहीत. इथेच राहतील."

मॅडम स्टुलावर बसल्या आणि सगळ्या वर्गासमोर रडल्या. मीही रडले असते, पण आसवं धरायला माझ्याजवळ आता बूडच उरलं नव्हतं.

माझा वरचा अर्धा भाग शाबूत आहे. काकांनी तो धुतला, कडा घासून बोथट केल्या आणि नव्या मुलांना दाखवायला दाराशी ठेवला. बाजूलाच ताज्या सोड्याची नवी बरणी आहे, आणि तापवलेल्या पुडीने काका आता बेसिन घासतात. मला दुःख नाही. कारागीर म्हणाला होता तेवढी मी टिकले, आणि फुटले तेही कारणी लागले. पण तुम्हाला हात जोडून सांगते, मित्रांनो, माझ्या भावंडांना जपा. डोळ्यांना दिसेल तेच लिहा. आधी नळी बाहेर काढा, मगच दिवा विझवा. आणि समोर साक्षात साहेब उभे असले, तरी त्यांनाही तेच सांगा. जरा मोठ्याने सांगा.