चर मोयना, सध्या पाण्याखाली

नाव व स्थान

हिजलतोला. बांगलादेशातला एक उपजिल्हा, म्हणजे आपल्याकडचा तालुका.

एवढं टाइप करून अनुराधा थांबली. दुबई मरीनातल्या या ऑफिसात ती नऊ वर्षं टॉवरच्या काचा पुसणाऱ्या माणसांच्या फायली सांभाळत होती. तालुक्याची माहिती मात्र तिच्याकडे कुणी कधी मागितली नव्हती. मॅनेजर शैलेंद्र सरांना ती आत्ता हवी होती, ऑडिटला जोडायला, गुरुवार दुपारपर्यंत, एका पानात. उझैर नावाच्या कामगाराचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं आणि पत्ते तपासणाऱ्या एजन्सीने त्याच्या कायमच्या पत्त्यापुढे शेरा मारला होता : चर मोयना, असं गाव आढळत नाही.

पत्ता खोटा ठरला तर उझैर महिनाअखेरीला घरी. आणि घर कुठे, हाच तर प्रश्न होता.

क्षेत्रफळ

दर पावसाळ्यात बदलतं.

(खोडलं. सर म्हणतील, थट्टा करतेस का.)

लोक व व्यवसाय

भात, ताग, मासे. उरलेले आखातात. कंपनीत हिजलतोलाचे अकरा जण. दोरावरून खाली उतरणारे दहा आणि वर गच्चीत त्यांचे दोर बांधणारा, राखणारा एक. तो उझैर.

या अकरा जणांची एक रीत आहे. वरचा माणूस आपल्या उपजिल्ह्याचा असल्याशिवाय कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही. मागे एकदा उझैर तापाने पडला, तेव्हा कंपनीने दुसरा माणूस दिला. चांगला, सर्टिफिकेटवाला. दहाही जण गच्चीवर मांडी घालून बसून राहिले. सुपरवायझर ओरडून दमला. शेवटी उझैरच ताप अंगात घेऊन वर आला.

"ताई, ऑडिटचं पान लिहिताय की भूगोलाचं पुस्तक?" रफिकने मागून डोकावून विचारलं. तो मूळचा रत्नागिरीचा, कंपनीची सरकारी कामं बघणारा.

"गप बसा रफिकभाई. गाव सापडत नाहीये."

"मग दुसरं लिहा, खलास! माणूस तोच, गाव बदललं तर काय बिघडतं?"

तिलाही तेच वाटलं होतं.

नद्या

एक. तीच सगळं करते.

बुधवारी सकाळी तिने उझैरला बोलावलं. पत्ता दुरुस्त केलेला फॉर्म समोर ठेवला. त्याचा भाऊ उपजिल्ह्याच्या बाजारपेठेत राहायचा, वीजबिल त्याच्या नावाचं होतं. फक्त सही बाकी होती.

उझैरने फॉर्म वाचला. हेल्मेट मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवलं.

"मॅडम, ये मेरा गाव नहीं."

"अरे, पण तुझं गाव नकाशावर नाही."

"गाव तो है. पानी के नीचे है."

मग त्याने सांगितलं, तुटक हिंदीत, घाई न करता. चर म्हणजे नदीने साठवलेल्या गाळाची जमीन. नदी देते, नदी नेते. चौदा वर्षांपूर्वी तिने चर मोयना नेलं : शाळा, मशीद, बापाचं दीड एकर. एक दिवस चर परत वर येईल. तेव्हा मोजणीदार साखळी घेऊन येईल आणि जुन्या यादीतली नावं पुकारेल. ज्याने कागदावर दुसरं गाव केलं, त्याला लोक म्हणतील, हा तर तिकडचा झाला. म्हणून चर मोयनाचा माणूस कुठल्याच कागदावर दुसरं गाव लिहीत नाही. बाप बाजारपेठेत भावाकडे राहतो, पण त्याच्या औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा चर मोयनाच.

"आणि नोकरी गेली तर?"

"दूसरा काम मिलेगा, इन्शाल्ला. दूसरा चर कहाँ मिलेगा?"

सही न करता त्याने फॉर्म तिच्याकडे सरकवला. हेल्मेट घेतलं आणि कामावर गेला.

कायमचा पत्ता

हा रकाना पानात नव्हता. अनुराधाने तो घातला, आणि घालताना तिला स्वतःची फाईल आठवली. तिने ती कपाटातून काढली. कायमचा पत्ता : पुणे, कर्वेनगर, अमुक सोसायटी, सदनिका बारा. एजन्सीचा शेरा : पडताळणी पूर्ण.

तो शेरा यंदाचा होता. सोसायटी पुनर्विकासासाठी पाडली, त्याला दोन वर्षं झाली होती. आई-वडील वारज्याला भाड्याने राहत होते. कर्वेनगरला एक खड्डा होता, त्याला पत्रे लावलेले.

गुरुवारी तिने दोन्ही फायली शैलेंद्र सरांच्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय आता?"

"सर, त्याला घरी पाठवणार असाल तर मलाही पाठवा. माझं घरही जागेवर नाही."

सरांनी दोन्ही फायली वाचल्या. चष्मा काढला.

"अनुराधा, वेडेपणा करू नकोस. तुझी बिल्डिंग परत उभी राहणार आहे."

"कधी?"

"ते बिल्डरला विचार."

"उझैरही तेच म्हणतोय. फक्त त्याच्याकडे विचारायला बिल्डर नाही."

सर हसले नाहीत. खिडकीबाहेर समोरच्या टॉवरवर दोर खाली सोडलेले दिसत होते. त्यांनी उझैरचा फॉर्म, पत्ता न बदललेला, पुढे ओढला.

"शेरा काय लिहू? ऑडिटवाले विचारतील."

"जे आहे ते लिहा."

त्यांनी लिहिलं : गाव सध्या पाण्याखाली. माहितीपत्रक जोडले आहे. कॉन्ट्रॅक्ट मंजूर. सही केली आणि म्हणाले, "तुझाही पत्ता तपासायला पाठवतोय पुन्हा. नियम म्हणजे नियम."

"पाठवा."

लोकसंख्या

हा रकाना तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता; गुरुवारी पान जोडलं तेव्हा तो कोराच होता. शुक्रवारी सकाळी ती फॉर्मची प्रत घेऊन समोरच्या टॉवरच्या गच्चीवर गेली. सरांच्या अक्षरातला शेरा उझैरने तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. 'सध्या' या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "ये ठीक है." मग सही केली, कागद परत दिला आणि वळून पहिल्या दोराची गाठ ओढून पाहिली.

"यल्ला," तो म्हणाला. कठड्यावर बसलेल्या दहा जणांनी पाय पलीकडे टाकले.

खाली येऊन तिने टाइप केलं : मोजता आली नाही. अकरा जण इथे आहेत, दहा दोरावर, एक गच्चीत.

हे खोडलं नाही.