पालथा कागद

आमच्या ऑफिसात कागद उलटा केल्याशिवाय कुणी ऑर्डर टाकत नाही. चलनांचे भाव वरखाली होतात, त्यांचे आलेख निघतात, आणि आम्ही पाच जण त्या आलेखांत आकृत्या शोधून खरेदी-विक्री करतो. पण आकृती सापडली की माणूस हुरळतो, तिच्यातलं वावगं त्याला दिसेनासं होतं, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून आलेख छापायचा, पेन्सिलीने रेघा मारायच्या आणि कागद उलटा धरायचा. सरळ बघताना जे घ्यावंसं वाटलं, ते उलट बघताना तितक्याच खात्रीने विकावंसं वाटलं पाहिजे. तरच साहेबांची सही.

साहेबांना आम्ही पाठीमागे 'पट्टी' म्हणतो, कारण खिशात कायम स्टीलची पट्टी. कागदाचा कोपरा चिमटीत धरून ते तो असा गर्रकन फिरवतात की बघत राहावं. सगळ्यांनी ती लकब उचलली. मी तर घरी आरशासमोर सराव केलाय, खोटं कशाला बोलू!

त्या शुक्रवारी माझे उमेदवारीचे तीन महिने संपत होते. "शेवटचा कागद दाखव, मग खुर्चीचं बोलू," साहेब म्हणाले होते. तोवर मी प्रिंटरशेजारच्या स्टुलावर. खुर्ची मिळाली नाही तर परत आईच्या शिवणाच्या दुकानात, आणि मला तिथे जायचं नव्हतं. मेले तरी नव्हतं! दोन वर्षांपूर्वी मी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या, त्याही महागड्या निळ्या लोकरीत. आईने त्यातली एक मशीनच्या वर खिळ्याला टांगून ठेवली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मग आई सविस्तर सांगायला बसायची. मी दुसऱ्या वाक्यालाच पाय आपटत आत निघून जायचे.

तर, शुक्रवारी सकाळी साडेनऊला मला ती आकृती दिसली. डॉलर आणि येनचा आलेख, त्यात दर चार तासांच्या भावाची एक उभी कांडी; त्या वेळात भाव जिथवर जाऊन परतला, तिथवर तिचं शेपूट. भाव बरेच दिवस घसरत आलेला, मग तीन खड्डे. मधला खोल, बाजूचे दोन उथळ आणि सारखे. माणूस डोक्यावर उभा केला तर कसा दिसेल, तसं: खांदा, डोकं, खांदा. खड्ड्यांच्या वरून जी रेघ ओढतात तिला गळ्याची रेघ म्हणतात. ती ओलांडून भाव वर गेला की घसरण संपली, आता चढ, असं आम्ही धरून चालतो. साहेबांचा सगळ्यात जास्त जीव याच आकृतीवर.

मी रेघा मारल्या. कागद गर्रकन फिरवला, आणि काय सांगू! तीन डोंगर, आणि पुढे उजवीकडे भाव धाडधाड कोसळलेला. कुणीही डोळे मिटून विकेल. साहेबांनीही फिरवून पाहिला आणि चक्क "सुरेख" म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून ऑफिसात कुणी ऐकला नव्हता. त्यांनी सही केली, वर स्वतःचीही तीच ऑर्डर टाकली. आमच्यातला सगळ्यात उतावळा, ज्याला आम्ही घाईराव म्हणतो, त्याने तर साहेबांच्याही आधी टाकली. भाव गळ्याच्या रेघेच्या थोडा वर पोचला की तिघांचीही खरेदी आपोआप होणार होती. मी मनातल्या मनात खुर्चीवर बसूनही घेतलं.

दुपारी एकला मी कागद घेऊन घरी जेवायला आले. घर म्हणजे दुकानाच्या मागची खोली, ऑफिसपासून दोन गल्ल्या. आई शर्टाच्या कॉलरला टाके घालत होती.

"बघ, आज खुर्ची पक्की!" मी कागद तिच्या नाकासमोर नाचवला. "हा खांदा, हे डोकं, हा दुसरा खांदा, ही गळ्याची रेघ."

"अगं, मग तू माझाच धंदा करतेस की," आई म्हणाली.

मी ऐटीत कागद फिरवून दाखवला. आईने सुई कॉलरला टोचून ठेवली.

"थांब. परत कर."

मी परत केलं.

"हे घसरणं डावीकडे होतं ना? आता उजवीकडे कसं आलं?"

"उलटा केला म्हणून."

"उलटा कुठे केलास? नुसता फिरवलास. उलटा करणं म्हणजे पालथा घालणं." तिने कागद माझ्या हातातून घेतला, वरची कड खाली आणली, कोरी बाजू आपल्याकडे केली आणि खिडकीच्या काचेवर धरला. "असा. डावं डावीकडेच राहिलं पाहिजे. बाहीच्या वेळी हेच केलं होतंस, बाई. पुठ्ठा पालथा घालायच्या ऐवजी फिरवलास."

उजेडात कागदाच्या आरपार आलेख दिसत होता. डावीकडे चढ, मग तीन डोंगर, आणि अगदी उजव्या कडेला शेवटची कांडी. तिचं लांबलचक शेपूट गळ्याची रेघ भेदून पार खाली गेलेलं, आणि कांडी मात्र रेघेच्या वर परतलेली. म्हणजे भाव तिथवर गेला होता आणि कुणीतरी त्याला दणकून माघारी पाठवलं होतं. हे बघून मी विकलं असतं? सात जन्मांत नाही! मग सरळ कागदावर घ्यायला कशी निघाले होते? फिरवल्यावर तीच कांडी डाव्या कडेला गेली होती, जुनी गोष्ट असल्यासारखी, आणि आधी होऊन गेलेली घसरण पुढे आली होती. विकावंसं वाटणारच! आकृती दोन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे कुणाला शंकाही आली नव्हती. आमचं सगळं ऑफिस इतकी वर्षं भूतकाळाला भविष्य समजून सही घेत होतं.

"जेवून जा," आई म्हणाली, पण मी तोवर रस्त्यावर होते.

फोनवरून ऑर्डर रद्द करायला आमच्याकडे बंदी. शिवाय रद्द करायलाही साहेबांची सही लागते. म्हणजे ज्यांच्या हातात माझी खुर्ची, त्यांनाच जाऊन सांगायचं की साहेब, तुमची ती प्रसिद्ध गिरकी चुकीची आहे. धावता धावता मला स्वतःचाच राग आला. गप्प बसले असते तर बिघडलं कुठे होतं? सही त्यांची, कागद त्यांनी तपासलेला. तीन जिने चढेपर्यंत मी दोनदा परत फिरायचं ठरवलं आणि दोनदा मोडलं.

"साहेब, माझी ऑर्डर काढायचीय. तुमचीही काढा."

साहेबांनी खाऊ का गिळू असं पाहिलं. पडद्यावर भाव ऑर्डरच्या अगदी जवळ येऊन थांबला होता.

"सकाळी मी तपासलाय तो कागद."

"आपण तो फिरवतो, साहेब. पालथा घालत नाही. माझ्या आईने शिवताना दाखवलं." मी कागद पालथा करून काचेवर चिकटवला. घाईत चिकटपट्टी दोनदा फाटली. "बघा. आता विकाल?"

साहेब उठून काचेजवळ आले. पट्टी काढली, शेपटावर टेकवली. मग वळले आणि आधी माझ्या कागदावर 'रद्द' लिहून सही केली, मग स्वतःच्या.

"शिंप्याकडचं शहाणपण," घाईराव हसला. "माझी राहू द्या."

दोनच मिनिटांत भाव उसळला. घाईरावची खरेदी झाली, आणि भाव वर, आणखी वर! तो टेबलावर थापा मारत नाचायला लागला. खुर्ची गेली, साहेबांचा हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि तोही माझ्यामुळे. मी स्टूल चाचपत खाली बसले. साहेबांकडे बघायची माझी हिंमत होईना.

"मान वर कर," साहेब म्हणाले. "भाव कुठेही जाऊ दे. कागद तू बरोबर वाचलास. खिडकीजवळची खुर्ची तुझी."

मला रडू आलं, आनंदाचं, आणि त्याच वेळी पलीकडे थापा थांबल्या. भाव उसळला तसाच आपटला. रेघेखाली, खांद्याखाली, थेट घाईरावने ठेवलेल्या तोट्याच्या मर्यादेपर्यंत. त्याचा चेहरा पडला. मग त्याने उठून स्वतःचा कागद काढला आणि काचेवर लावला. तोही आधी चुकीचाच लावला.

संध्याकाळी मी दुकानात नाचत शिरले. आईला सगळं सांगितलं, अगदी जिन्यात दोनदा परत फिरायचं ठरवलं होतं तेसुद्धा. समोर एक गिऱ्हाईक बाई बसल्या होत्या. त्यांनी खिळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही बाही कसली हो?"

आई सांगायला लागली. दोन डाव्या बाह्या, महागडी लोकर. या खेपेला मी आत गेले नाही.

"आणि मला पत्ताही नव्हता," आई सांगत होती. "गुपचूप जोडून दिली असती तर कोट अंगात घालेपर्यंत कळलं नसतं. पण हिने रडत येऊन सांगितलं, आई, माझं चुकलं, हा कोट देऊ नकोस. म्हणून टांगलीय. अशी पोर आहे माझी."

दोन वर्षं ती हेच सांगत होती. मी बाही खिळ्यावरून काढली आणि घडी करून पिशवीत ठेवली, सोमवारी खुर्चीच्या पाठीला अडकवायला.