अर्ध्या तासाची धुलाई

मित्रांनो, मी एका इंधन कारखान्यातली जुनी पोलादी टाकी आहे. आसपासच्या शेतांतून कापणीनंतर उरलेला पेंढा इथे येतो. तो बारीक करून वाफेवर शिजवतात, त्यातली साखर मोकळी करतात आणि तो रस माझ्या पोटात सोडतात. मग यीस्ट कामाला लागतं. तीन दिवस नुसती बुडबुड! त्यातून इथेनॉल तयार होतं आणि त्यावर गाड्या धावतात. पूर्वी हाच पेंढा शेतात जाळून टाकायचे. मला माझ्या कामाचा फार अभिमान होता.

दर खेपेनंतर धुलाईवाले मामा मला दोन तास घासायचे. पण नवे साहेब आले आणि म्हणाले, "मामा, टाकी धुताय की नवरीला नटवताय? अर्ध्या तासात उरका."

मामांनी उरकलं. माझ्या तळाच्या नळीच्या वळणात गाळ राहिला आणि कुजला. पुढच्या खेपेला दुसऱ्याच दिवशी बुडबुड मंदावली. सगळा रस आंबट! ओतून द्यावा लागला.

साहेबांनी यीस्टला दोष दिला. नवं यीस्ट आलं, रस पुन्हा आंबला. मग म्हणाले, पेंढाच खराब आहे. फाटकातून ट्रॅक्टर परत पाठवले. साठवलेला चांगला पेंढा वापरला, तरी तेच. "टाकीच बाद झालीय. भंगारात काढा," साहेब म्हणाले.

मला कारण ठाऊक होतं हो! पण सांगणार कशी? आतल्या आत चरफडत राहिले.

प्रयोगशाळेतली ताई म्हणजे मामांची सख्खी भाची. तिने त्यांना बाजूला घेतलं.

"मामा, खरं सांग. खालची नळी शेवटची कधी उघडलीस?"

"अर्ध्या तासात नळी उघडून होते का गं? दोन महिने झाले."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हणाले असते, म्हातारा कामचुकार आहे."

ताई फरशीवर आडवी झाली. तिने पान्याने नळी सोडवली. काळा, घाण गाळ तिच्या बाहीवर सांडला. तो बरणीत भरून तिने थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी नाक दाबलं. "बरं, धुवा दोन तास," एवढंच म्हणाले. माझी नाही, निदान मामांची तरी माफी मागायची!

मी लख्ख झाले. ताईने लगेच ट्रॅक्टरवाल्या काकूंना फोन लावला. त्यांना फाटकातून दोनदा परत पाठवलं होतं.

"आता आठवण झाली?" काकू कडाडल्या. "पेरणी तोंडावर आलीय. तुमची वाट बघत शेत अडवून ठेवू? कालच पेटवून दिला सगळा पेंढा. आमच्या आळीत सगळ्यांनीच पेटवला."

ताईने फोन ठेवला आणि शेतांकडून धूर येत होता म्हणून खिडकी लावून घेतली.

मित्रांनो, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथली सफाई घाईत उरकू नका. आणि काम करणाऱ्याला वेळ हवा असेल, तर त्याची थट्टा करू नका. माझा हा हंगाम गेला. स्वच्छ आहे, धडधाकट आहे आणि रिकामी आहे.

आज सकाळी मामांनी माझ्या झाकणावरची राख पुसली. दुपारपर्यंत पुन्हा बसली होती.