पाठमोरी

भिंगरीला एका जागी बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं आहे, असं तिचा नवरा म्हणायचा, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याचं मत बदललेलं नव्हतं. पन्नाशीला टेकलेली, मुलांच्या पुस्तकांची नावाजलेली लेखिका, पण जवळच्या माणसांत तिला खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. लहानपणी पायाला भिंगरी लागलेली म्हणून थोरल्या बहिणीने ठेवलेलं नाव होतं, तेच चिकटलं. आतासुद्धा स्टुडिओच्या बैठकीच्या खोलीत सगळे खुर्च्यांवर टेकले होते आणि ही बाई भिंतीच्या कडेने येरझाऱ्या घालत होती.

भिंतीवर तिच्या पुस्तकाची पानं मोठी करून ओळीने चिकटवली होती. पुस्तक एका पुलाचं होतं. आधी नुसता नदीचा उतार, मग होडी, मग लाकडी पूल, तो वाहून नेणारा महापूर, मग दगडी पूल, त्यावरची लढाई, रस्त्यावर आलेले दिवे, पहिली मोटार. काही शतकांचा इतिहास मुलांच्या गळी उतरवायचा, आणि सनावळ्यांचा एक खडाही दाताखाली येऊ द्यायचा नाही, ही करामत त्या पुस्तकाने केली होती. पानागणिक माणसं बदलत, कपडे बदलत. एक मुलगी मात्र प्रत्येक चित्रात तीच असे. दोन वेण्या, डावीकडची रिबीन सुटलेली, आणि आपल्याकडे पाठ. वाचणारी मुलं तिच्या खांद्यावरून पलीकडे डोकावत आणि त्यांना थेट महापूर दिसे.

शब्द भिंगरीचे होते. चित्रं ताईची होती.

आता त्या पुस्तकाची टीव्हीवर कार्टून मालिका व्हायची होती. सगळं जमलं होतं, घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. दिग्दर्शिका वयाने लहान, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिने समजावून सांगितलं की मालिकेवर चित्रकारांची अख्खी फौज बसणार, आणि सगळ्यांच्या हातून मुलगी एकसारखी उतरायची तर तिचा टर्नअराउंड लागतो. म्हणजे एकाच कागदावर तीच मुलगी समोरून, बाजूने आणि मागून.

"पाठ तर आहे आमच्याकडे, मॅडम," दिग्दर्शिका म्हणाली. "बाकीची मुलगी कुठे आहे?"

खोलीत हशा पिकला. भिंगरीही हसली. त्या मुलीला चेहरा आहे की नाही, हे तिच्या इतक्या वर्षांत मनातही आलं नव्हतं.

मग त्यांनी आपल्या चित्रकाराकडून काढून घेतलेला एक नमुना पडद्यावर लावला. बशीएवढे डोळे, नाकाच्या जागी ठिपका, दोन्ही गालांवर खळ्या. दुधाच्या पावडरीच्या डब्यावर ती मुलगी फार शोभली असती. महापुरासमोर उभं राहण्याची तिची लायकी नव्हती. घाईघाईत भिंगरीच्या तोंडून निघून गेलं, "हे राहू द्या. ताई काढून देईल. ती माझ्या शब्दाबाहेर नाही."

दिग्दर्शिकेने सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यापुढे थांबता येणार नव्हतं, नाहीतर ही बशीडोळी मुलगी कायम व्हायची. करारात तशी सोय होती. भिंगरीने त्या करारावर उभ्याउभ्या सही ठोकली होती.

लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने खाली आली आणि पायऱ्यांवरूनच तिने ताईला फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघू."

त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. वडील 'बघू' म्हणाले की सायकल यायची नाही, आई 'बघू' म्हणाली की सहल बुडाली.

तसं दोघी बहिणींचं भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर एव्हाना मिटलंही असतं. पुस्तक गाजलं, भिंगरीला सभा-समारंभांची बोलावणी येत गेली, मुलाखती झाल्या, पुढची पुस्तकं आली. ताईचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत होतं, ते तिथेच राहिलं. ती डॉक्टरकीच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. बारा महिने यकृत, मूत्रपिंडं आणि बरगड्या. फोन होत, पण दर खेपेला जरा आधी संपत.

दोन दिवस भिंगरीने घर डोक्यावर घेतलं. चहा टाकायची आणि प्यायला विसरायची. कपाटं आवरायला काढायची आणि अर्ध्यात सोडायची. पुस्तकातली मुलगी भिंग लावून पाहिली. मानेची पन्हळ, खांद्याचा कल, ओढून बांधलेली वेणी, सगळं होतं. कानाच्या पुढे काही नव्हतं. "अगं, जाऊन ये ना तिच्याकडे," नवरा म्हणाला, "म्हणजे मलाही जरा बसता येईल."

रविवारी सकाळी ती ताईच्या दारात उभी राहिली. ताईने चष्मा कपाळावर सारला, आत ये म्हणाली आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसली. समोर पाठीचा कणा अर्धा झाला होता. भिंगरी खिडकीशी गेली, दाराशी आली, पुन्हा खिडकीशी गेली. नुसतं मागून उपयोग नाही, आधी ताईला खूश करावं असं तिला वाटलं, म्हणून तिने फोन काढला आणि वाहिनीने मालिकेच्या जाहिरातीसाठी पाठवलेला मजकूर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लेखिकेची कल्पकता, लेखिकेची तळमळ. शेवटचं वाक्य असं होतं, की या पुस्तकानंतर त्यांनी कधी मागे वळून पाहिलंच नाही.

ताईने पेन्सिल खाली ठेवली आणि हसायला लागली. चांगली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"तेवढं एक वाक्य अगदी खरं लिहिलंय बघ," ती म्हणाली.

भिंगरीला तोंडात मारल्यासारखं झालं. रागही आला. तिने विचारलं, की चेहरा काढून द्यायला एवढं काय लागतं, मुलगी तुझीच तर आहे.

"मला तिचा चेहरा ठाऊक नाही, भिंगरे. पाठच ठाऊक आहे." ताईचा आवाज शांत होता. "आई म्हणायची, तिला पुढे घाल आणि तू मागून जा, म्हणजे नजरेत राहील. माझी शाळा संपेपर्यंत रोज मी तुझ्यामागे. तू आपली सुसाट. डावीकडची रिबीन सुटायची, मी ओरडून सांगायचे, पण तू एकदा म्हणून वळली नाहीस."

भिंगरी त्या सकाळी पहिल्यांदाच उभी राहिली, म्हणजे नुसती उभी राहिली. त्या सुटलेल्या रिबिनीबद्दल तिला मुलाखतींमध्ये हटकून विचारत, आणि इतिहासाचे धागे कधी पुरते बांधले जात नाहीत वगैरे ती ठोकून द्यायची. टाळ्या पडायच्या. तिला आता इतकी लाज वाटली, की चेहरा कुठे लपवावा कळेना. ज्या मुलीच्या खांद्यावरून पिढीभराच्या पोरांनी पूल पाहिला ती आपण होतो, आणि हे आपल्याला सोडून दुसऱ्या कुणाला तरी इतकी वर्षं ठाऊक होतं.

"तू कधी बोलली का नाहीस?" तिने विचारलं.

"तू थांबशील तेव्हा ना," ताई म्हणाली.

मग ताई उठली. तिने चपला पायात सरकवल्या, कागद लावलेला बोर्ड काखोटीला मारला आणि दार उघडलं. कोपऱ्यापर्यंत चालायचं, असं तिने सांगितलं, भिंगरीने पुढे आणि तिने मागे. हाक मारली की वळायचं. वळताना जो चेहरा होईल तो आपण काढू, नाही जमला तर बशीडोळीला सोन्यासारखी मालिका लाभो.

रस्ता सरळ होता. इस्त्रीचं दुकान, पाव-बिस्किटांचं दुकान, एक माणूस शटरला निळा रंग लावत होता. भिंगरी निघाली आणि सवयीने तिचे पाय लगेच भरभर पडायला लागले. मागून ताईच्या चपला फटक फटक वाजत होत्या. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, आणि ओळखीचा आहे हे तिला आत्ता कळलं. शाळेच्या सगळ्या रस्त्याला तो होता. त्या आवाजाच्या भरवशावरच तर ती इतकी सुसाट जायची.

हाक येईना. निळ्या शटरवरून ती पुढे गेली. मान आखडली, हाताच्या मुठी वळल्या. आता मारेल, आता मारेल. ताई मुद्दाम छळतेय की काय? कोपरा आला आणि मागचा आवाज थांबला.

भिंगरी गर्रकन वळली.

ताई बरीच मागे, दिव्याच्या खांबाला टेकून उभी होती. बोर्ड पोटाशी धरलेला, चष्मा डोळ्यांवर.

"हाक मारली नव्हती मी," ताईने तिथूनच सांगितलं.

"माहितीये."

"मग वळलीस कशाला?"

"तुझ्या चपला वाजायच्या थांबल्या."

ताईने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, आणि पेन्सिल कागदाला लावली. मग नेहमीच्या खरखरीत आवाजात म्हणाली, की कपाळावर ही भलीमोठी आठी आलीय आणि तोंड उघडं आहे, टीव्हीवाल्यांना असलं ध्यान चालेल का? भिंगरी म्हणाली, हेच ध्यान आहे. नको असेल तर पुस्तक आपलं आहे, मालिका त्यांची त्यांनी दुसरी कुठली तरी काढावी, करारासाठी भांडायची वेळ आली तरी आपण भांडू. आणि जाहिरातीतलं ते वाक्य उद्याच काढायला सांगते.

"असू दे की," ताई म्हणाली. "आता खोटं झालंय, एवढंच. हलू नकोस."

भिंगरी रस्त्याच्या मधोमध उभी होती. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला, तिला वळसा घालताना काहीबाही बोलला आणि निघून गेला. ताईची मान खाली जात होती, वर येत होती. भिंगरी तिच्याकडे बघत राहिली, आणि जागची हलली नाही.